‘आय विल कम’ म्हणजे नक्की कोण येणार? मल्याळमभाषक नर्सचं रिपोर्टेड स्पीच : एक प्रकरण अभ्यास

संध्याकाळी साडेसातचा राउंड. ठिकाण केरळातलं एक मध्यम आकाराचं रुग्णालय. आठ वाजता ड्युटी बदलणार असल्यामुळे दिवसपाळीच्या नर्सला रात्रपाळीसाठी इंग्रजीत हँडओव्हर लिहून ठेवायचा आहे. तिचं शिक्षण दहावीपर्यंत मल्याळम माध्यमातून आणि नर्सिंग इंग्रजीतून झालं आहे. आता ती ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजी परीक्षेची तयारी करते आहे. ही नर्स आणि तिची नोंद नमुन्यादाखल रचलेली आहे, पण रिपोर्टेड स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना, झालेली नोंदीतली प्रत्येक चूक मल्याळमभाषकांच्या इंग्रजीत नेहमी भेटणारी आहे.

राउंडवर झालेलं बोलणं एवढंच. डॉक्टरांनी पेशंटला विचारलं, “हाउ लाँग हॅव यू हॅड धिस पेन?” पेशंट म्हणाली, “इट स्टार्टेड लास्ट नाइट. आय ॲम ॲलर्जिक टू पेनिसिलिन.” डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, “डिड यू टेक एनी टॅब्लेट्स ॲट होम?” मग नर्सकडे वळून ते म्हणाले, “स्टार्ट फ्लुइड्स. डोन्ट गिव्ह हर एनीथिंग बाय माउथ अनटिल द स्कॅन. आय विल सी हर ॲट एट टुमॉरो मॉर्निंग.”

नर्सने लिहिलं ते असं:

“डॉक्टर आस्क्ड टू द पेशंट दॅट हाउ लाँग यू हॅव धिस पेन. शी टोल्ड दॅट इट हॅड स्टार्टेड यस्टरडे नाइट अँड शी वॉज ॲलर्जिक टू पेनिसिलिन. डॉक्टर आस्क्ड दॅट डिड यू टेक एनी टॅब्लेट्स ॲट होम. डॉक्टर टोल्ड टू मी टू स्टार्ट फ्लुइड्स अँड टोल्ड दॅट डोन्ट गिव्ह एनीथिंग बाय माउथ अनटिल स्कॅन. ही टोल्ड दॅट आय विल कम टुमॉरो ॲट एट.”

शाळेतल्या पद्धतीने तपासलं तर शिक्षक पहिलं बोट काळावर ठेवतील. ‘विल’चं ‘वुड’ केलं नाही, ‘हॅव’चं ‘हॅड’ झालं नाही. पण ही नोंद रात्री दोन वाजता वाचणाऱ्या नर्सला काळाच्या चुकीने काही फरक पडत नाही. तिचा गोंधळ शेवटच्या वाक्यात होतो: सकाळी आठला येणार कोण, डॉक्टर की नोंद लिहिणारी नर्स? आणि ‘टुमॉरो’ म्हणजे कुठला दिवस? मध्यरात्र उलटून गेली आहे. जे चुकल्याने माहिती चुकते ते आधी शिकवावं, असं आम्ही ठामपणे मानतो. मल्याळमभाषकाच्या बाबतीत हा क्रम असा लागतो: सर्वनाम, मग प्रश्न आणि आज्ञा, काळ सगळ्यात शेवटी. शाळेत तो नेमका उलटा असतो.

या चुकांचं मूळ मल्याळमच्या वाक्यात सापडतं. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मल्याळममध्ये सांगायचं तर साधारण असं होईल: “नाळे एट्टुमणिक्क् वराम् एन्न् डॉक्टर परञ्ञु.” शब्द त्याच क्रमाने ठेवले तर मराठीत होतं, “उद्या आठला येतो असं डॉक्टर म्हणाले.” सांगितलेली गोष्ट आधी, मग ‘एन्न्’, शेवटी ‘म्हणाले’. ‘एन्न्’चं काम मराठीतल्या ‘असं’सारखं किंवा ‘म्हणून’सारखं आहे. त्याच्या आधी जे बोलणं असतं ते बहुतेक वेळा मूळ बोलणाऱ्याच्या तोंडचं, जसंच्या तसं असतं. काळ बदलत नाही आणि ‘नाळे’, म्हणजे उद्या, हे उद्याच राहतं.

सर्वनामाचं काय होतं ते जरा जवळून पाहू. मल्याळम क्रियापदाला पुरुषाचा प्रत्यय लागत नाही. मी येतो, तू येतोस, ती येते या तिन्हींसाठी ‘वरुन्नु’ हे एकच रूप चालतं. मराठीत ‘येईन’ म्हटलं की ‘मी’ कळतो आणि ‘येईल’ म्हटलं की ‘तो’ किंवा ‘ती’. मल्याळममध्ये हे काम फक्त सर्वनामाकडे आहे, आणि संदर्भ स्पष्ट असला की तेही गाळलं जातं. वरच्या वाक्यात ‘वराम्’चा कर्ता उघड दिलेलाच नाही. मल्याळम बोलणाऱ्याला तो जाणवतो, कारण ‘वराम्’ या रूपात ‘मी येतो’ अशी तयारी दाखवलेली असते. इंग्रजीत मात्र कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. तिथे काहीतरी भरावंच लागतं, आणि ‘वराम्’मधून ऐकू येतो तो ‘मी’. म्हणून ‘आय’ येतो. शिकणारीचं लक्ष उडालं किंवा तिने कंटाळा केला, असं यात काही नाही. तिच्या भाषेच्या हिशोबाने वाक्य बरोबर आहे.

मल्याळमकडे यावर स्वतःचा उपायही आहे. जरा नीटस भाषेत ‘तान् वराम् एन्न् डॉक्टर परञ्ञु’ असं म्हणतात. इथला ‘तान्’ म्हणजे आपल्या “आपण उद्या येऊ असं ते म्हणाले” यातलं ‘आपण’: जो बोलतोय तोच. शिकवताना हा शब्द फार कामाला येतो. एन्न्-वाक्यात ‘तान्’ घालून पाहायला सांगा. बसला तर इंग्रजीत तिथे बोलणाऱ्याचं सर्वनाम येणार, ‘ही’ किंवा ‘शी’. फक्त बोलीभाषेत ‘तान्’ हा ‘तू’साठीही वापरतात, म्हणून कुठला अर्थ घ्यायचा ते आधी स्पष्ट करावं.

नोंदीत ‘दॅट’ पाच वेळा आला आहे आणि त्यातले तीन चुकलेत. ‘एन्न्’ म्हणजे ‘दॅट’ अशी खूणगाठ शाळेत पक्की बसते आणि विधानापुरती ती चालूनही जाते. पण मल्याळममध्ये विधान, प्रश्न, नकारार्थी आज्ञा या सगळ्यांना एकच ‘एन्न्’ लागतो. इंग्रजीत तिन्हींच्या वाटा वेगळ्या. त्यामुळे ‘आस्क्ड दॅट डिड यू टेक’ आणि ‘टोल्ड दॅट डोन्ट गिव्ह’ ही दोन वाक्यं वेगवेगळ्या चुकांची दिसली तरी दोन्हींच्या तळाशी तीच खूणगाठ आहे.

ती सोडवायला इंग्रजीचा नियम घोकून घेण्याची गरज नाही. ‘एन्न्’च्या अगदी आधी काय आहे ते पाहायला शिकवलं की पुरतं, कारण मल्याळम ती माहिती क्रियापदाच्या शेवटी स्वच्छ देते. शेवटी ‘ओ’ असेल, जसं ‘वेदन उण्डो एन्न् चोदिच्चु’, म्हणजे दुखतंय का असं विचारलं, तर तो हो-नाहीचा प्रश्न. इंग्रजीत ‘इफ’ किंवा ‘वेदर’ घ्यायचा आणि ‘दॅट’ सोडायचा. वाक्यात ‘एविडे’, ‘एप्पोळ्’, ‘एत्र’ असा प्रश्नशब्द असेल, तर तोच शब्द जोडणीचं काम करतो आणि ‘दॅट’ची गरज उरत नाही. शेवटी ‘अरुत्’ असेल, जसं ‘नडक्करुत् एन्न् परञ्ञु’, चालायचं नाही असं सांगितलं, तर ‘नॉट टू’. शेवटी ‘अणम्’ असेल, जसं ‘मरुन्न् कऴिक्कणम् एन्न् परञ्ञु’, औषध घ्यायला हवं असं सांगितलं, तर ‘टोल्ड हर टू टेक’ किंवा ‘सेड शी शुड टेक’. आणि ‘वराम्’सारखा शेवटचा ‘आम्’ तयारी किंवा कबुली दाखवत असेल तर ‘सेड ही वुड’ किंवा ‘ऑफर्ड टू’. यातलं काहीच नसेल तर साधं विधान, तिथे ‘दॅट’ घाला किंवा गाळा, दोन्ही चालतं. एक अडचण लक्षात ठेवावी: बोलताना ‘एन्न्’ वेगळा ऐकू येत नाही. ‘वरामेन्न्’, ‘उण्डोन्न्’ असा तो मागच्या शब्दाला चिकटतो. म्हणून हा सराव सुरुवातीला लिहून करावा, मग तोंडी.

होकारार्थी आज्ञा मात्र नर्सने बरोबर लिहिली आहे: ‘टू स्टार्ट फ्लुइड्स’. हे योगायोगाने झालेलं नाही. ‘वेळ्ळम् कुडिक्कान् परञ्ञु’ म्हणजे ‘पाणी प्यायला सांगितलं’, इथे ‘एन्न्’ नाहीच. ‘कुडिक्कान्’मधला ‘आन्’ मराठीतल्या ‘प्यायला’मधल्या ‘ला’सारखा आणि इंग्रजीच्या ‘टू’सारखा वागतो. नकार आला की बोलण्याची घडी बहुधा ‘अरुत् एन्न्’कडे वळते आणि तिथे ‘दॅट डोन्ट’ शिरतो. शिक्षकाने आधी ‘आन्’ची वाक्यं घ्यावीत. तुला हे येतंच आहे हे दाखवावं आणि त्याच जागी ‘नॉट’ ठेवायला सांगावं: ‘टोल्ड मी टू स्टार्ट’, ‘टोल्ड मी नॉट टू गिव्ह’. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली की एका तासात हे बसतं.

‘हाउ लाँग यू हॅव धिस पेन’ हे वाक्य वेगळ्या जातीचं आहे. मल्याळममध्ये ते असं: “वेदन तुडङ्ङियिट्ट् एत्र दिवसमायि एन्न् चोदिच्चु.” वेदना सुरू होऊन किती दिवस झाले असं विचारलं. मराठी वाचकाला यातली ‘वेदन’ आणि ‘दिवसम्’ लगेच ओळखू येतील. प्रश्न असो वा विधान, मल्याळममध्ये शब्दांचा क्रम उलटापालटा होत नाही. इंग्रजी शिकताना तिने ‘इज द फाइल’, ‘डिड यू टेक’ अशी उलटापालट कष्टाने अंगवळणी पाडली. आता रिपोर्टेड स्पीचमध्ये तीच पुन्हा सरळ करायला सांगतात. ‘वेअर इज द फाइल’चं ‘वेअर द फाइल इज’ व्हायला हवं आणि ‘डिड’ पूर्णपणे जायला हवा. म्हणून इथे ‘प्रश्न विसर, उत्तर लिही’ अशी युक्ती चालते. आधी उत्तराचं वाक्य पुरं लिहायचं: ‘शी टुक टॅब्लेट्स’. त्यात ‘डिड’ नसतो आणि क्रम सरळ असतो. त्याच्यापुढे ‘ही आस्क्ड इफ’ जोडायचं. काळ नंतर दुरुस्त करता येतो.

‘आस्क्ड टू द पेशंट’ आणि ‘टोल्ड टू मी’ मधला जादा ‘टू’ ही सगळ्यात चिवट चूक. ‘एन्नोड् परञ्ञु’, ‘एन्नोड् चोदिच्चु’ अशी दोन्ही क्रियापदं मल्याळममध्ये ‘ओड्’ प्रत्यय घेतात आणि शिकणारी त्याला ‘टू’ समजते. त्यात सांगणं आणि म्हणणं या दोन्हींसाठी बहुतेक वेळा ‘परयुक’ हे एकच क्रियापद. मराठीत आपल्याकडे ‘सांगणे’ आणि ‘म्हणणे’ अशी जोडी आहे, म्हणून ‘टेल’ आणि ‘से’मधला फरक मराठी मुलाला त्या मानाने लवकर समजतो. मल्याळमभाषकाला तो वरून लादलेला वाटतो. यावर चार ओळींचं एक कार्ड पुरेसं आहे: ‘टोल्ड मी’, ‘आस्क्ड मी’, ‘सेड टू मी’, ‘एक्स्प्लेन्ड टू मी’. पहिल्या दोनांत ‘टू’ नाही, नंतरच्या दोनांत आहे. शिवाय ‘टोल्ड’नंतर माणूस लागतोच, म्हणून ‘शी टोल्ड दॅट’ चूक आणि ‘शी सेड दॅट’ बरोबर. हे कार्ड वहीत चिकटवून रोज पाचेक वाक्यं मोठ्याने म्हणवून घ्यावीत. समजावून सांगून ही सवय सुटत नाही, जिभेला वळण लावावं लागतं.

आता काळ. नर्सने शाळेतला काळ बदलण्याचा तक्ता एकाच ठिकाणी प्रामाणिकपणे लावला: ‘इट हॅड स्टार्टेड’, ‘शी वॉज ॲलर्जिक’. यातलं पहिलं चालेल. ‘यस्टरडे नाइट’ मात्र ‘द नाइट बिफोर’ व्हायला हवं, आणि त्याहून बरं म्हणजे तारीख. दुसरं व्याकरणात बसतं, पण वॉर्डात ते नको. पेनिसिलिनची ॲलर्जी आजही आहे, उद्याही असेल. ‘वॉज’ वाचून कुणाला ती पूर्वी होती असं वाटलं तर त्याचा दोष तक्त्याच्या माथी जातो. जी गोष्ट सांगताना अजूनही खरी आहे, तिथे वर्तमानकाळ ठेवायला इंग्रजी पूर्ण मुभा देते: ‘शी सेड शी इज ॲलर्जिक टू पेनिसिलिन’. दहावीच्या वर्गात हा अपवाद बहुधा ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ एवढ्यापुरता शिकवला जातो. रुग्णालयात तो रोज लागतो: ॲलर्जी, मधुमेह, रक्तगट, पत्ता.

बाकीचा तक्ता छोटा आहे. सांगण्याचं क्रियापद भूतकाळात असेल तर ‘इज’चं ‘वॉज’, ‘हॅज’चं ‘हॅड’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘मे’चं ‘माइट’. ‘मस्ट’चं ‘हॅड टू’ होतं, पण तो तसाच ठेवला तरी चालतो. ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ आणि आधीचा ‘हॅड’ बदलत नाहीत. साध्या भूतकाळाचं ‘हॅड’ करणं वेळेचा क्रम स्पष्ट असेल तर ऐच्छिक. मल्याळमभाषकाला हे शेवटचं मुद्दाम सांगावं, कारण ‘वन्निरुन्नु’ यासारखी, आपल्या ‘आला होता’सारखी रूपं मल्याळममध्ये सहज वापरली जातात आणि त्यामुळे इंग्रजीतही ‘हॅड’ गरजेपेक्षा जास्त येतो. तक्त्याने त्यात भरच पडते.

शिकवण्याचा क्रम कसा लावावा? दिवसाला २० मिनिटं देता आली तर साधारण तीन आठवडे धरावेत. पहिल्या आठवड्यात सांगण्याचं क्रियापद वर्तमानकाळातच ठेवायचं: ‘ही सेज’, ‘शी इज आस्किंग’. काळ हलवायचा प्रश्न येत नाही आणि सगळं लक्ष सर्वनामावर राहतं. सरावाला तीन माणसं लागतात. पहिली दुसरीच्या कानात मल्याळममध्ये एक वाक्य सांगते, दुसरी ते तिसरीला इंग्रजीत सांगते, तिसरी फक्त एवढंच विचारते: “हू?” उत्तर देताना अडखळली की सर्वनाम चुकलं होतं हे दुसरीला आपलं आपणच कळतं. दुसऱ्या आठवड्यात ‘एन्न्’च्या आधीच्या शेवटांची ओळख आणि उत्तर-वाक्याची युक्ती. क्रियापद अजूनही वर्तमानात. तिसऱ्या आठवड्यात ‘सेज’चं ‘सेड’ करायचं आणि काळ हलवायचा, त्याच वेळी ‘अजूनही खरं आहे का’ हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायचा. ‘टोल्ड मी’चं कार्ड तिन्ही आठवडे चालू ठेवावं.

अवतरणचिन्हात वाक्य देऊन ‘इनडायरेक्ट करा’ असा सराव आम्ही शेवटच्या दोन-तीन दिवसांपुरताच ठेवू. केरळात शाळेत संवाद देऊन त्याचा वृत्तांत पुरा करायला लावतात. तो त्यापेक्षा बरा, कारण त्यात कोण कुणाला बोललं हे शोधावं लागतं. पण दोन्हींत मूळ वाक्य इंग्रजीतच समोर असतं. वॉर्डात ते बहुतेक वेळा मल्याळममध्ये कानावर पडतं आणि इंग्रजीत लिहायचं असतं. सराव त्याच वाटेने व्हायला हवा.

नर्सची नोंद दुरुस्त झाल्यावर अशी वाचता येते:

“द डॉक्टर आस्क्ड द पेशंट हाउ लाँग शी हॅड हॅड द पेन. शी सेड इट हॅड स्टार्टेड द नाइट बिफोर, अँड दॅट शी इज ॲलर्जिक टू पेनिसिलिन. ही आस्क्ड इफ शी हॅड टेकन एनी टॅब्लेट्स ॲट होम. ही टोल्ड मी टू स्टार्ट फ्लुइड्स अँड नॉट टू गिव्ह हर एनीथिंग बाय माउथ अनटिल द स्कॅन. ही सेड ही वुड सी हर ॲट एट इन द मॉर्निंग.” या शेवटच्या वाक्यापुढे तारीख.

दुरुस्त नोंदीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. गोळ्या घेतल्या का, या प्रश्नाचं पेशंटने काय उत्तर दिलं ते नोंदीत कुठेच नाही. नोंदीत प्रश्नापेक्षा उत्तराला किंमत जास्त. ‘आस्क्ड इफ’ लिहिलं की पुढच्या ओळीत उत्तर आलं का, हे तपासायची सवय व्याकरणाच्या बरोबरीने लावावी.

ओईटीच्या लेखनात हेच कौशल्य वेगळ्या रूपात लागतं. ४५ मिनिटं असतात, त्यातली पहिली ५ फक्त वाचायची. दिलेल्या टिपणांवरून साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं, बहुधा पेशंटला पुढे पाठवण्याचं. तिथे ‘सेड’ची माळ लावून चालत नाही. ‘रिपोर्टेड’, ‘कम्प्लेन्ड ऑफ’, ‘वॉज ॲडव्हाइज्ड टू’, ‘डिनाइड’, ‘रिक्वेस्टेड’ अशी क्रियापदं लागतात आणि प्रत्येकाची मागची बांधणी वेगळी असते. ‘डिनाइड’ इथे नाकबूल केलं अशा आरोपाच्या सुरात वाचायचं नाही. ‘शी डिनाइड टेकिंग एनी मेडिकेशन’ म्हणजे औषध घेतलं नाही असं तिने सांगितलं, एवढंच. ‘सजेस्ट’पाशी मल्याळमभाषक हमखास अडकतो. ‘पोकान् निर्देशिच्चु’मधला ‘आन्’ आत्तापर्यंत ‘टू’ म्हणून कामाला आला होता, म्हणून ‘सजेस्टेड मी टू गो’ लिहिलं जातं. हवं ते ‘सजेस्टेड दॅट शी गो’ किंवा ‘ॲडव्हाइज्ड हर टू गो’. मल्याळमची मदत ज्या एका जागी दगा देते ती हीच, त्यामुळे ‘आन्’ शिकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘सजेस्ट’ घ्यावं.

राहिली नातेवाइकांकडून कळलेली माहिती. मल्याळममध्ये क्रियापदाला ‘अत्रे’ जोडला की ऐकीव गोष्ट आहे हे सांगून होतं. ‘वन्नत्रे’ म्हणजे ‘आला म्हणे’. कुणी सांगितलं हे बोलायची गरजच उरत नाही आणि इंग्रजीत लिहिताना तो छोटासा तुकडा गळून जातो. मग ‘ही फेल इन द बाथरूम’ असं पाहिल्यासारखं विधान उरतं, प्रत्यक्षात ते मुलाने फोनवर सांगितलेलं असतं. इथे सांगणाऱ्याचं नातं आणि वेळ दोन्ही लिहायला लावावं: ‘हिज सन सेड ऑन द फोन ॲट सिक्स पी. एम. दॅट ही हॅड फॉलन इन द बाथरूम’.